बेडक्यासाठी पाणी

वरच्या खोलीतला मुलगा कित्येक महिन्यांनी आपणहून काही बोलला, तेही बंद दाराआडून. आई जेवणाची ताटली उचलायला गेली होती. "आई, पोहायचो तेव्हा डोकं शांत असायचं," एवढंच तो म्हणाला. ती जिना उतरली ती धापा टाकतच, आणि तेच वाक्य तिने नवऱ्याला, अण्णांना, तीनदा ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी कंबर कसली.

पाणीपुरवठा खात्यात एकतीस वर्षं पंप चालवून ते निवृत्त झाले होते. पण घरामागच्या पोहण्याच्या तलावाकडे त्यांनी नऊ वर्षं ढुंकूनही पाहिलं नव्हतं. मुलगा लहानपणी दिवसदिवस त्यात डुंबायचा, म्हणून त्याला सगळे बेडक्या म्हणत. तो नोकरीसाठी लांब गेला आणि तलाव बंद पडला. पुढे नोकरी सुटली. तीन वर्षांपूर्वी बेडक्या परत आला, वरच्या खोलीत शिरला आणि त्याने दार लावून घेतलं. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. गोळ्या तो कधी घ्यायचा, कधी नाही.

अण्णांनी भाड्याने पंप आणून हिरवं पाणी उपसलं. खाली पोटरीभर गाळ निघाला, कुजलेल्या पानांचा. वासाने डोकं उठत होतं. बादली भरायची, पायऱ्या चढायच्या, कुंपणापाशी ओतायची. गाळातून एकामागून एक बेडूक उड्या मारू लागले, तेव्हा बायको काठावरून म्हणाली, "अहो, ही तर आपल्या बेडक्याची भावकी!" आणि ती हसली. स्वतःच्या हसण्याने दचकून तिने वरच्या खिडकीकडे पाहिलं.

पडदा ओढलेलाच होता.

मग तारेच्या ब्रशने भिंती घासणं आलं. चौसष्टाव्या वर्षी गुडघे कुरकुरत होते, बोटांना फोड आले होते. निखळलेल्या फरशा त्यांनी एकेक करून बसवल्या, फिल्टरमधली दगड झालेली वाळू खरवडून काढली, नवी भरली. एका दुपारी ते घाईघाईने स्वयंपाकघरात आले.

"पडदा हलला. चार बोटं."

"वारा असेल."

"अगं, खिडकी बंद आहे."



पाणी भरायला दोन दिवस लागले. त्यानंतर अण्णा रोज बाटलीत पाणी घेऊन तलावात टाकायच्या औषधांच्या दुकानात जात. दुकानदारीण त्यात थेंब टाकून रंग बघे. "नितळ दिसतंय म्हणून कुणाला उतरवू नका हं, काका. नातवंडं येणार वाटतं?"

"मुलगा पोहणार आहे माझा," अण्णा छाती काढून म्हणाले. परतताना त्यांच्या लक्षात आलं, की मुलाला हे आपण विचारलेलंच नाही.

आठव्या दिवशी तळाच्या जाळीची भोकं मोजता येतील इतकं पाणी स्वच्छ झालं. बायकोने मुलाच्या दाराबाहेर टॉवेल आणि पोहायची नवी चड्डी ठेवली. माप अंदाजानेच घेतलं होतं. धड पाहिलं कुठे होतं त्याला! तीन दिवस दोन्ही तिथेच पडून होती. चौथ्या दुपारी टॉवेल दिसेना.

आणि जिन्यावर पावलं वाजली. नवरा-बायको स्वयंपाकघरात श्वास रोखून उभी राहिली. केस खांद्यापर्यंत वाढलेले, उन्हाने डोळे बारीक झालेले, असा तो मागच्या दाराने बाहेर गेला आणि काठावर पाय पाण्यात सोडून बसला. अण्णा हळूच जाऊन दोन हात अंतरावर टेकले.

"पाणी छान झालंय, बाबा."

"मग उतर की. या टोकाला छातीएवढंच आहे."

तो पायांकडे बघत राहिला. "मी रोज पडद्याआडून बघायचो. तुम्ही कंबर धरून उभे राहायचात. वाटायचं, खाली जावं, तो ब्रश हातातून घ्यावा. दारापर्यंत यायचो. पुढे पाय उचलायचा नाही."

"आज आलास ना?"

"मला वाटलं होतं, पाण्यात पाय घातले की काहीतरी होईल. काही झालं नाही, बाबा. गार लागलं, बस."

"हळूहळू होईल रे."

"असं म्हणू नका. तुम्ही खाली आस लावून बसता, आणि मला वर गुदमरायला होतं. माझी वाट बघू नका."

 अण्णांनी विचारलं, "जेवलास का?"

"हो." तो उठला. जाता जाता त्याने बापाच्या खांद्यावर ओझरता हात ठेवला. थोड्या वेळाने वर कडी लागल्याचा आवाज आला.

बायको चहाचे तीन कप घेऊन बाहेर आली आणि थबकली. "गेला? काय म्हणाला?"

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. तिचे डोळे लकाकत होते.

"पाणी छान झालंय म्हणाला."

"बघा! उद्या उतरेल, बघाच तुम्ही," ती म्हणाली, आणि लगबगीने आत भाजी चिरायला गेली. तिचं गुणगुणणं बाहेर ऐकू येत होतं. तिला हाक मारून खरं ते सांगावं म्हणून अण्णांनी दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा ते गुणगुणणं ऐकून मिटून घेतलं.