लाल अंगठ्यांची पेटी

बाबनराव धकाते यांनी आपला माग पैजेवर लावला तो बुधवारी, मतदानाला चार दिवस असताना. साल १९६९, निवडणूक महापालिकेची. पैज लागली इतवारीत, गुलाबचंदच्या सुताच्या दुकानाच्या ओट्यावर.

निवडणूक आली की त्या ओट्यावर सुतापेक्षा राजकारणाचा व्यवहार जास्त होई. दाराशी एक दगडी पाटी टांगलेली असे. तिच्यावर गुलाबचंद रोज सकाळी उमेदवारांचे भाव खडूने लिही. ज्याचा भाव कमी, त्याची जीत पक्की समजायची. पाचपावलीच्या वॉर्डात विणकरांच्या सोसायटीचे महादेवराव सायकल या चिन्हावर उभे होते आणि तराजूवर रुपराव. मंगळवारपर्यंत महादेवरावांचा भाव बारा आणे होता. बुधवारी बाबनराव सूत घ्यायला आले तेव्हा पाटीवर सव्वा रुपया होता.

"हे काहून?" त्यांनी विचारले.

"बाजार बोलते, बाबनराव. मी नाई बोलत," गुलाबचंद म्हणाला. "लोक म्हणून राहिले का कोष्टी शपथ एकाची घेते अन् ठप्पा दुसऱ्यावर मारते."

"कोण म्हणते? नाव सांग."

ओट्यावर भैय्याजी पेपर वाचत बसले होते. निवृत्त पोस्टमन. सकाळी येत ते दुपारच्या जेवणालाच उठत. त्यांनी पेपर खाली केला. "नाव कायले पाहिजे गा? तुले लुगड्यातला तुटका धागा दहा हातावरून दिसते. माणसातला दिसते का?"

ओटा हसला. बाबनराव हसले नाहीत. त्यांची मोजदाद गल्लीत प्रसिद्ध होती. ताण्याचे उभे धागे किती ते नुसत्या नजरेने सांगत आणि फणीतून ओवताना तेवढेच भरत. त्या आठवड्यात त्यांनी महादेवरावांसाठी गल्लीतले प्रत्येक घर पालथे घातले होते. प्रत्येक घरात बेल-भंडारा उचलून शपथ घ्यायला लावली होती. गल्लीचे मतदान शाळेच्या केंद्रावर होते आणि आकडा त्यांच्याकडे तयार होता.

"शाळेच्या पेटीतून सायकलले चारशे एकोणपन्नास मतं निघतीन," ते म्हणाले.

"साडेचारशे का नाई?" गुलाबचंदने विचारले.

"कारण चारशे एकोणपन्नास आहे."

"मी चारशेच धरतो. चारशेच्या खाली एक जरी आलं, तर काय देशील?"

बाबनरावांकडे देण्यासारखी एकच वस्तू होती. बापाने खड्डा खणून बसवलेला माग. घर त्याच्यावरच चालत होते. त्यांनी तो लावला. समोरून गुलाबचंदने नवा कोरा माग लावला. त्याला आपल्या विणकामाच्या शेडसाठी माग हवेच होते. भैय्याजी साक्षीला राहिले.

"वहिनीले विचारलं का?" भैय्याजींनी उठता उठता टोमणा मारला.

विचारले नव्हते. नंतर सांगितलेही नाही.

घरी जाईपर्यंत तो टोमणा बाबनरावांच्या डोक्यात घोळत राहिला. वहिनीचा नव्हे, तुटक्या धाग्याचा. शपथ घेतलेला माणूस पडद्यामागे काय करतो ते कोणाला दिसते? चारशेला एकोणपन्नासची सूट होती; तेवढ्यावर दुसरा कोणी निवांत झोपला असता. बाबनरावांना मात्र दिसल्याशिवाय मोजता येत नव्हते. शनिवारी त्यांना उपाय सुचला.

त्यांची बायको भागीरथा किनारीचे सूत घरीच रंगवी. लाल रंग, पक्का, दहा धुण्यांत न जाणारा. बाबनरावांनी तिला वाटीभर रंग डिंक घालून घट्ट करायला सांगितला.

"कायसाठी?"

"उद्या सायकलवाल्यांनी अंगठा बुडवायचा. ठप्पा मारला का कागदाच्या मागच्या कोपऱ्यावर अंगठा टेकवायचा. मोजणीले मी टेबलावर राहणार आहे. किती लाल निघाले ते मी पाहीन. एकही फुटला तर समजते."

"सरकारी कागदावर?"

"मागच्या बाजूनं वं. समोर कोण लावते?"

भागीरथाने रंग घट्ट केला. रविवारी सकाळी रंगात भिजवलेले फडके शाळेच्या वळणावर पार्वतीबाईंच्या पानठेल्यावर, चुन्याच्या डब्याशेजारी ठेवले गेले. लोक येत, विडा घेत, अंगठा दाबत आणि रांगेत जाऊन उभे राहत. पानठेल्यावर लाल बोटे कोणाच्या डोळ्यावर येणार? बंदोबस्ताच्या शिपायानेही तिथेच दोनदा पान खाल्ले. संध्याकाळी गल्लीतल्या माणसांच्या डाव्या हाताच्या बोटावर सरकारी काळी शाई होती आणि उजव्या अंगठ्यावर बाबनरावांचा लाल रंग.

मोजणी सोमवारी झाली. पेट्या एकेक करून उघडत होत्या, त्यामुळे कोणत्या केंद्रावर कोणाला किती हे टेबलावर बसलेल्याला कळत होते. महादेवरावांचा प्रतिनिधी म्हणून बाबनराव जाळीपलीकडे बसले होते. शाळेची पेटी दुपारी बाराच्या सुमारास उघडली. कागद टेबलावर ओतले गेले आणि बाबनरावांना कोपऱ्याकोपऱ्यावर लाल अंगठे दिसले. ते मनात मोजू लागले. कारकुनांनी गठ्ठे लावायच्या आधीच त्यांचा आकडा तयार होता. चारशे अडतीस.

सायकलवर ठप्पा, पण मागे कोरे, असे अकरा कागद निघाले. बेरीज बरोबर चारशे एकोणपन्नास. तरीही ते अकरा त्यांना खुपले. मत दिले, पण सांगितलेले केले नाही, असे अकरा जण गल्लीत होते. कोण ते शोधायला हवे, असे त्यांनी ठरवले.

तेवढ्यात कारकुनाने एक लाल कागद उलटा करून निवडणूक अधिकाऱ्यांसमोर धरला. अधिकाऱ्यांनी तो पाहिला. मग दुसरा मागितला, तिसरा मागितला. मग सगळा गठ्ठा.

"हे काय आहे?" त्यांनी विचारले.

अधिकाऱ्यांनी गठ्ठा खाली ठेवला.

"मतदार ओळखू येईल अशी खूण असेल तर मत बाद. नियम छापलेला आहे, बाहेर भिंतीवरही लावला आहे." त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "हे सगळे बाद."

"साहेब, सायकलवर ठप्पा आहे ना पण," बाबनराव म्हणाले. "समोरून पाहा ना. साफ ठप्पा आहे."

"ठप्पा मी पाहिला."

"साहेब, चारशे अडतीस माणसं आहेत."

"मोजूनच बाद करू," अधिकारी म्हणाले, आणि त्यांनी पहिल्या कागदावर सही केली.

चारशे अडतीस कागदांवर शेरा मारायला पाऊण तास लागला. बाबनराव तो पाऊण तास जागचे हलले नाहीत. रुपरावांचा माणूस आधी हसला, मग बाबनरावांचे तोंड पाहून त्याने हसू आवरले. फळ्यावर शाळेच्या पेटीचा निकाल लागला: तराजू शहाण्णव, सायकल अकरा. वॉर्डात महादेवराव दोनशे बारा मतांनी पडले. लाल गठ्ठा धरला असता तर ते सव्वादोनशेंच्या वर निवडून येत. हा हिशेब बाबनरावांनी तिथेच केला. बेरीज चुकली नाही.

ते घरी आले तेव्हा भागीरथा सुताच्या कांड्या भरत बसली होती. निकाल गल्लीत त्यांच्या आधी पोचला होता. ते दिसताच लोक ओसरीवरून उठून आत जात होते. कोणी रडत नव्हते, कोणी शिव्याही देत नव्हते. जो तो आपला अंगठा पाहत होता.

"अकराच मतं धरली," बाबनराव म्हणाले. "ज्यांनी अंगठा लावला नाही, त्यांचीच. माझं न ऐकणारे अकरा."

"अकराच्या वर असतीन असं मले वाटलं होतं," भागीरथा म्हणाली.

"तुले काय माहीत?"

"त्यातली एक मी आहे."

बाबनराव तिच्याकडे पाहत राहिले. तिचा अंगठा इतरांपेक्षा लाल होता.

"अंगठा बुडवला होता ना तू?"

"बुडवला. मग रांगेत हाताकडे पाहिलं. ओला रंग. पांढऱ्या कागदाले ओल्या रंगाचा हात कसा लावू? सूत रंगवता रंगवता जन्म गेला माझा. शाळेच्या नळावर हात धुतले अन् मग आत गेले. वच्छलानं धुतले, कुसुमताईनं धुतले. सूत रंगवणाऱ्या साऱ्याच बाया नळावर होत्या." तिने कांडी बदलली. "ठप्पा तर सायकलवरच मारला. तुम्ही काहून असे पाहून राहिले?"

तेव्हा बाबनरावांनी तिला मागाचे सांगितले. उभ्याउभ्याच सांगितले, चार वाक्यांत. भागीरथाच्या हातातली कांडी फिरायची थांबली. सूत सुटून जमिनीवर लोळत गेले. तिने ते उचलले नाही.

"विचारलं असतं," ती म्हणाली, "तर मी सगळ्या गल्लीले हात धुवायले लावले असते."

दुसऱ्या दिवशी सकाळी गुलाबचंद आला. सोबत भैय्याजी होते, साक्षीदार म्हणून. भैय्याजींनी आल्यापासून मान वर केली नाही. गुलाबचंदने माग पाहिला. मागावर ताणा चढलेला होता, दोन लुगड्यांचा शिल्लक. चढलेला ताणा मधूनच कापत नाहीत, हे इतवारीच्या व्यापाऱ्यालाही ठाऊक होते.

"ताणा उतरू द्या," तो म्हणाला. "मग नेतो. मले घाई नाई, वहिनी."

"मलेही नाई," भागीरथा म्हणाली.

पण तिने काम रेंगाळत ठेवले नाही. बाबनरावांच्या हातून त्या दिवसांत धोटा सरळ जाईना. दोनदा धागे तुटले आणि त्यांना ते दिसलेही नाहीत. मग भागीरथाच खड्ड्यात पाय सोडून बसली. आठ दिवसांत तिने दोन्ही लुगडी उतरवली. किनार लालच होती. नवव्या दिवशी गुलाबचंदचा बैलगाडा गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला. गाडीवानाला एकट्याला माग निघेना, म्हणून गल्लीतले चौघे पुढे आले. त्यांनी खुंटे उपटले, फणी वेगळी केली आणि चौकट उचलून उंबऱ्याबाहेर काढली.

चौघांच्याही नखांच्या कडा अजून लाल होत्या.