दोन डोळ्यांची टिपरी

आमच्या तीन गावांत शेतातलं ठिबक आपोआप चालवणारे तीन इलेक्ट्रॉनिक बोर्ड होते आणि त्यांची आपसात सोयरीक जमत नव्हती. तिघांचेही नकाशे खुले, कुणीही घ्यावेत आणि बनवावेत. पण कोऱ्हाळ्याची ओलावा मोजायची काडी लोणी भापकरच्या दिग्विजयच्या बोर्डात बसायची नाही, आणि अंथुर्ण्यातल्या माझ्या बोर्डात तर दोघांचंही काहीच बसायचं नाही. म्हणून मी सगळ्यांसाठी पाच पिनांचा एकच जोड आखला. ठरलं असं, की महिनाभर आमच्या उसात एकही बोर्ड जळला नाही तर तिघंही तोच जोड वापरणार. जळला, तर ज्याची चूल त्याला. खोटं कशाला बोलू, त्या जोडावर माझं नाव यावं अशी मला फार हौस होती.

प्लग उलटा लागू नये म्हणून त्याला खाच ठेवतात, पण खाचेत चिखल भरला की तो बसतच नाही. म्हणून मी साधा प्लग घेतला, त्यावर लाल ठिपका दिला आणि तसाच एक बोर्डाच्या पेटीतल्या सॉकेटवर. शेतात काड्या इकडून तिकडे हलवून पुन्हा जोडायचं काम सासूबाईंकडे, म्हणजे ठमाबाईंकडे. त्यांचा जन्म ऊस लावण्यात गेलेला; बेण्याच्या तुकड्यावर, म्हणजे टिपरीवर, जिथून कोंब फुटतो त्याला डोळा म्हणतात, म्हणून ठिपक्यालाही मी 'डोळा' म्हणाले. डोळ्याला डोळा लावायचा, एवढंच. स्वतःच्या हुशारीवर मी दोन दिवस खूश होते.

अठ्ठाविसाव्या दिवशी बोर्ड जळला. प्लग उलटा होता.

मी बांधावरूनच तोंड सोडलं. इतकं साधं सांगितलेलं कळत नाही का, असंही बोलून गेले. सासूबाईंनी शांतपणे हात झटकले.

"डोळा वरच धरला की. बेण्याचा डोळा खाली गेल्यावर उगवंल का?"

मी पेटीत पाहिलं. पाणी शिरू नये म्हणून माझ्या नवऱ्यानं, रणजितनं, आदल्याच दिवशी पेटी उलटी टांगली होती. सॉकेटवरचा डोळा खाली गेला होता. चूक माझ्या शब्दाची होती, आणि ओरडा त्यांनी खाल्ला होता. मला फार लाज वाटली. तसं म्हणालेही.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "पर एकच डोळा कशापायी ठिवलास? दोन डोळ्यांची टिपरी घ्यायची. शेंडा हिकडं पडू दे न्हायतर तिकडं, ती उगवतीच."

मी तशीच घरी गेले आणि पिना पुन्हा मांडल्या. वीज मधोमध. जमिनीची, म्हणजे अर्थिंगची, पिन दोन्ही टोकांना. उरलेल्या दोन जागांत काडीचा आकडा बोर्डाला कळवणाऱ्या निरोपाच्या तारा. प्लग उलटा झाला तर निरोपाच्या तारांचीच अदलाबदल होणार, आणि ती बोर्ड स्वतः ओळखेल.

दिग्विजयला सगळं खरं सांगितलं. तो हसला, शर्त हरलात वहिनी म्हणाला. मग स्वतःचा बोर्ड पुढं सरकवला आणि म्हणाला, "ह्याच्यावर करा. जळला तर विषय संपला."

मी सासूबाईंच्या हातात प्लग दिला. त्यांनी तो सुलटा लावला, काढला, उलटा लावला. दोन्ही वेळा हिरवा दिवा लागला. दिग्विजयनं पुन्हा एकदा स्वतः लावून पाहिला आणि वही ओढून घेतली.

जोडाला नाव काय द्यायचं, त्यानं विचारलं. माझं नाव ओठांवर आलं होतं. मी 'ठमाबाई' सांगितलं. सासूबाई लाजून गोठ्याकडं निघून गेल्या.

माहितीपत्रकात आता एक प्रश्न आहे, प्लग उलटा लागला तर? दिग्विजय म्हणत होता, 'चालतो' लिहा. मी लिहिलं, 'उगवतो.'