गोठ्यामागचं बोलणं

पिठाच्या डब्यावर ठेवलेला फोन थरथरू लागला, तसं डब्याचं झाकण खडखडलं. ओसरीवर चहाचे कप हातात घेऊन पॅनेलची माणसं आणि घरचे वैजयंतीच्या उत्तराची वाट बघत होते. त्यांनी एकदम माना वळवल्या.

फोन आहुप्याहून, डोंगरातल्या तिच्या माहेराहून होता. रेंजसाठी तिच्या आईला, भागूबाईला, देवराईच्या वरचं टेपाड चढून यावं लागे, म्हणून वैजयंती तिचा फोन कधी वाजून जाऊ देत नसे. सवयीने तिने तो पदराआड घेतला आणि मागच्या दाराकडे वळली.

मागे गोठा होता. लग्न होऊन लोणीत आल्यापासून ती आईशी गोठ्यामागेच बोलत आली होती. पहिल्याच आठवड्यात पाहुण्यांसमोर ती ‘माझं गाव’ऐवजी ‘मपलं गाव’ म्हणून गेली, तेव्हा प्रयागबाई, तिची सासू, हसत हसतच म्हणाली होती, “हितं मपलं-तुपलं नगं बाई. लोक इचारत्यात, कुठली आणली.” विचारणाऱ्यांसाठी ‘जुन्नरकडची’ असं उत्तर ठरलं. नवरा आदेश जिवापाड प्रेम करायचा, पण उत्तर तोही तेच द्यायचा.

“कुठं निघालीस?” प्रयागबाईने विचारलं.

“आईचा आहे.”

“मंग हितंच बोल की. आता काय चोरी हाय का?”

आता चोरी नव्हती. सरपंचपद आदिवासी महिलेसाठी राखीव झालं होतं. जातीचा दाखला हातात असलेली, उभी राहू शकेल अशी एकच बाई ठाकरवाडीत होती, ती समोरच्या पॅनेलने आधीच गाठली होती. दुसरी या घरात, आणि तिला उभं राहा म्हणायलाच आज माणसं आली होती.

“सूनबाई, स्पीकर लावा,” पॅनेलचे चिमाजीभाऊ म्हणाले. “तुमची भाषा आमाला ऐकू तरी द्या. तीच उद्या ठाकरवाडीत बोलायची. लई मतं हायेत तिथं.”

“ठाकरांची बोली वेगळी असते, भाऊ. आम्ही महादेव कोळी.”

“डोंगर एकच ना? मंग झालं!”

सगळे हसले. आदेशही हसला, तिच्याकडे न बघता.

तिने स्पीकर लावला. आधी नुसता वारा आला.

“वैजू, आयकू येतं का?”

“येतंय, आई.” आवाज लोणीचाच निघाला. तिने घसा खाकरला.

“हिरडा वाळत घातलाय बघ. औंदा लई धरला व्हता. तू कव्हा येशी?”

वैजयंती उंबऱ्यावर टेकली. डोक्यावरचा पदर घसरला, तो तिने सावरला नाही.

“येईन गं. मपलं मन तिथंच हाय. तुपला गुडघा कसा हाय? आन् तांबडी व्याली का?”

“व्याली. कालवड झाली. तुपल्यावानी हट्टी.”

“मपल्यावानी न्हाय, तुपल्यावानी!”

ती मोठ्याने हसली. त्या घरात तिचं असं हसणं कुणी ऐकलं नव्हतं. मग करवंदाच्या जाळीचं निघालं, ओहोळाच्या पाण्याचं, भावाच्या पोराचं. चिमाजीभाऊंनी आदेशकडे बघून मान डोलावली. सहा वर्षांची श्रेया खेळ टाकून आली आणि आईच्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

पलीकडे वारा वाहत राहिला.

“वैजू, आज एवढ्या मोठ्यानं बोलतीस,” आई म्हणाली. “घरात कोणी न्हाय का?”

प्रयागबाई उठली आणि कप गोळा करू लागली. त्यातले दोन अजून भरलेले होते.

“हायेत आई,” वैजयंती म्हणाली. “समदी हायेत.”

“मंग?”

तेवढ्यात फोन तुटला.

“रेंज गेली वाटतं,” आदेश म्हणाला. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

“सूनबाई, झ्याक!” चिमाजीभाऊ उठत म्हणाले. “असंच बोलायचं. उद्या सकाळी गाडी पाठवतो.”

माणसं चपला शोधत अंगणात उतरली. वैजयंती फोन मांडीवर ठेवून तशीच बसून राहिली. श्रेया तिला चिकटून बसली. ‘मपलं’ असं तिने हळूच म्हणून बघितलं, करवंद जिभेवर फिरवावं तसं. मग पुन्हा एकदा. आत मोरीपाशी प्रयागबाई कप विसळत होती, आणि पाण्याचा आवाज मध्येच थांबला.

“आई,” श्रेयाने विचारलं, “निवडणूक झाल्यावर पण तू असंच बोलशील?”