तीन बरण्या

भागीरथीबाईंनी बरणीचं फडकं सोडलं आणि वाकून वास घेतला. मनुका छान आंबल्या होत्या. दारात उभी असलेली शीला मात्र दोन पावलं मागे सरकली.

"आत ये की. वासाला काय भितेस?"

"माझ्या साडीला लागला, तर घरी ह्यांना येईल, बाई."

शीलाचा नवरा राजेंद्र जांभूळ गावात पाण्याच्या पंपावर कामाला होता. दारू सोडून त्याला दहा महिने झाले होते. रोज सकाळी तो एक गोळी घेई. त्या गोळीवर घोटभर दारू पोटात गेली तरी माणूस आडवा व्हायचा. म्हणून प्रभुभोजनात आंबवलेल्या द्राक्षरसाचा प्याला फिरायची वेळ आली, की तो चर्चच्या मागच्या दारानं निघून जाई. त्याचं मन अजून साफ नाही, असं मंडळीतल्या बायका धरून चालल्या होत्या आणि त्यांत भागीरथीबाई सगळ्यांच्या पुढे होत्या.

"पाळकसाहेब बोलले, सेपरेट ग्लास देऊ. हे नको म्हणतात. इथे पण मी वेगळाच का, म्हणतात. नाताळलाही बाहेर बसावं लागलं, तर परत येणार नाहीत." शीलाचा आवाज बारीक झाला. "चर्च सुटलं तर बाकीचं पण सुटेल, बाई. तुम्ही यंदा साधा रस कराल? सगळ्यांसाठीच?"

भागीरथीबाई ताठ झाल्या. बत्तीस वर्षं मंडळीचा द्राक्षरस त्यांच्या हातचा होता. कॅम्प चारच्या बाजारातल्या सिंधी दुकानात एकेक काळी मनुका त्या अशी निवडत, की शेठ हात जोडायचा. मंडळीला एक बरणी पुरे; त्या दर खेपेला तीन घालत. उरलेल्या दोन चव बघण्यात जात. नवरा गेल्यापासून रोज दिवेलागणीला दोन वाट्या, कधी तीन. औषधच म्हणा ना.

"बघते," म्हणून त्यांनी शीलाला वाटेला लावलं. पण रविवारशाळेत हरवलेल्या मेंढराची गोष्ट त्या स्वतःच शिकवत. नाही म्हणायचं तरी कुठल्या तोंडानं? वीस तारखेला त्यांनी तिन्ही बरण्या मोरीत ओतल्या. स्वतःचं भारी कौतुक वाटलं.

पहिली संध्याकाळ त्या कौतुकावर निभावली. दुसऱ्या संध्याकाळी त्या सहज म्हणून उठल्या आणि रिकाम्या बरणीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. तिसऱ्या दिवशी करंज्या तळणाऱ्या सुनेवर, मनालीवर, उगाच खेकसल्या. अंगाला दरदरून घाम येत होता, डोळ्याला डोळा लागत नव्हता. चोवीस तारखेला मनुका उकळून साधा रस गाळून झाला आणि त्यांनी तिसऱ्या बरणीच्या तळाला चिकटलेला जुना चोथा बोटानं पुसून तोंडात घातला.

मग त्या तिथेच फरशीवर बसल्या. बहात्तर वर्षांची बाई, आणि बोट चाटत होती.

चार दिवसांत आपली ही गत. त्या माणसानं दहा महिने काढले होते! सकाळ, दुपार, पुन्हा ती मेली संध्याकाळ, असे दहा महिने. चंदेरी गडाच्या कड्याखाली पहिल्यांदा उभं राहून वर पाहिलं होतं, तेव्हा जशी छाती दडपली होती, तशीच आता दडपली. आणि ह्या माणसाचं मन साफ नाही, असं आपण म्हणत होतो.

नाताळच्या सकाळी अंबरनाथच्या चर्चमध्ये राजेंद्र मागच्या दाराकडे गेला नाही. सगळ्यांच्या ओळीत त्यानं गुडघे टेकले. प्याला समोर आल्यावर सवयीनं आधी वास घेतला आणि मग दोन्ही हातांनी धरून प्यायला. भागीरथीबाईंना प्रार्थना सुचेना. डोळे वाहत होते आणि त्या नुसत्या त्याच्याकडे बघत होत्या.

उपासनेनंतर त्या व्हरांड्यात करंज्या वाटायला उभ्या राहिल्या. ताटातल्या वाट्या खडखडत होत्या.

"वय झालं," त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या.

राजेंद्र आभार मानायला पुढे आला. त्याची नजर त्यांच्या हातांवर गेली. ताटाखाली त्यानं आपला हात धरला. खडखड थांबली.

"कितवा दिवस, बाई?" त्यानं हळूच विचारलं.

कालचं ते चोथ्याचं बोट कुणी पाहिलं नव्हतं. पाचवा म्हटलं असतं तरी खपलं असतं.

"पहिला," भागीरथीबाई म्हणाल्या.

राजेंद्रनं मान हलवली. शेवटची करंजी वाटून होईपर्यंत त्यानं ताट सोडलं नाही.