कठड्यावरचा हात

शिसपेन्सिलीचे टोक. प्रेसवरून काढून ठेवलेली जाळी. बारा इंची तयार फ्रेम. पॅरिसच्या कोर्टातला लाकडी कठडा. वेदिकाचा उजवा पंजा.

मित्रांनो, एवढ्यात माझे सगळे आयुष्य आले. मी एक जुने रेखाचित्र आहे, दीडशे वर्षांचे.

एका फ्रेंच चित्रकाराने मला भर कोर्टात, सात मिनिटांत काढले. कपडे धुणारी एक बाई आपल्या मालकाविरुद्ध साक्ष देत होती. चेहरा शांत. कागदाच्या अगदी कडेला तिचा हात, कठडा घट्ट आवळलेला. पुढे वर्तमानपत्रात दुसरेच चित्र छापले गेले. मी एका पुस्तकात दबून राहिले.

ते पुस्तक सुनंदाबाईंनी पॅरिसच्या जुन्या बाजारात घेतले. त्या पुण्याच्या, नोकरी बेंगळुरूत. म्हणून मी बेंगळुरूच्याच शिवाजीनगरात, प्रतापरावांच्या फ्रेमच्या दुकानात पोचले.

फ्रेमवाल्यांची एक रीत असते: चेहरा मधोमध हवा. प्रतापरावांनी बारा इंची तयार फ्रेमच्या मापाने पट्टी ठेवली, कटर उचलला.

"कडेचं स्वल्प काढलं की बसलंच बघ."

"अप्पा, थांबा! तो हात आहे तिचा."

ही त्यांची मुलगी रक्षिता. शहराच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात कामाला. तिथेच पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनखाली तिच्या मैत्रिणीचा, वेदिकाचा पंजा गेला. मालक म्हणतो, हात आत जाऊ नये म्हणून असते ती जाळी लावलेली होती. जाळी काढलेली होती, हे रक्षिताने पाहिले होते. दुसऱ्या दिवशी तिची साक्ष होती. सकाळपासून तिचे एकच चालले होते: मी जाणार नाही.

"हात कोण बघतंय गं? चेहरा बघ. कसली धीट बाई!"

"धीट कुठली, अप्पा? भीती सगळी हातात आहे तिच्या." रक्षिता माझ्यावर वाकली. "घाबरली होती. तरी उभी राहिली."

प्रतापरावांनी मुलीच्या हातांकडे पाहिले. ते हातही टेबलाची कड धरून होते. त्यांनी कटर खाली ठेवला.

"सरी, ठीक आहे. मोठी फ्रेम करू. सुनंदाबाईंना चार दिवस थांबा म्हणतो."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रक्षिता दुकानात आली. मी अजून टेबलावरच होते.

"काय झालं?"

"वकिलानं तीनदा तेच विचारलं. मी तीनदा तेच सांगितलं. पिंजऱ्याचा कठडा मात्र सोडला नाही, अप्पा!" ती हसत होती.

निकाल यायचा आहे. मीही वाट बघते आहे, आता सुनंदाबाईंच्या भिंतीवरून, अखंड.

मित्रांनो, जुना कागद कापण्याआधी त्याची कड एकदा नीट बघा.

चित्रकाराने हात सर्वांत आधी काढला होता.