देवाच्या मुठीचा डबा

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. आणि आधीच सांगून टाकतो, मी जन्माचा भित्रा आहे. पत्र्याचं अंग म्हटल्यावर दुसरं काय होणार! नुसतं नख लागलं तरी खणकन वाजतो. मातीच्या मडक्याला गुपित ठेवता येतं, मला येत नाही. या एका खोडीपायी मी आयुष्यात एकदा असा घाबरलो, की आज पुंडलिकनगरात एका माळ्यावर सुखात पडलेलो असूनही तो रविवार आठवला की माझं झाकण थरथरतं.

निजामाविरुद्धची पोलिस ॲक्शन होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. तेव्हाच्या औरंगाबादेत इलियासभाई नावाचे एक पत्र्याचे कारागीर होते. रॉकेलच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापून, ठोकून, डाख लावून त्यांनी मला घडवलं. पडेगावच्या चतुराबाईंनी मला मुद्दाम सांगून करून घेतलं होतं. झाकण पक्कं बसवलेलं आणि मधोमध एकच बारकं भोक.

इलियासभाई हसले. म्हणाले, "अम्मा, इसमें डालना आसान है, निकालना मुश्किल."

"मुश्किलच पायजे," चतुराबाई म्हणाल्या. "ते देवाचं हाय."

त्याचं असं होतं. चतुराबाईंचं घर ख्रिस्ती. त्यांच्या मंडळीतल्या बायकांची एक रीत होती. दळण घ्यायच्या आधी धान्यातली एक मूठ काढायची आणि डब्यात टाकायची. घरात सणासुदीचं गोडधोड असो नाहीतर नुसती चटणी-भाकर, देवाची मूठ चुकवायची नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्या बायका आपापला डबा घेऊन छावणीतल्या देवळात जायच्या. (ख्रिस्ती माणसंही प्रार्थनेच्या जागेला देऊळच म्हणतात बरं का.) तिथं वेदीपुढं पांढरी चादर अंथरलेली असायची. प्रत्येकीनं सगळ्यांसमोर आपला डबा पालथा करायचा. ते धान्य मंडळीतल्या निराधारांना जायचं. आमच्या वेळी ते मनकर्णाबाईंना मिळायचं. त्यांना मागंपुढं कुणी नव्हतं आणि हातपायही थकले होते.

माझे सुरुवातीचे दिवस मोठ्या कौतुकात गेले. चतुराबाई मला दर शनिवारी राखेनं घासायच्या. पुढं त्यांच्या मुलाचं, सांडूचं लग्न झालं. कन्नडकडची आवडाबाई सून म्हणून आली, तेव्हा सासूनं घराच्या चाव्या नंतर दिल्या, आधी मला तिच्या हातात दिलं. आणि बायबलातली एक गोष्ट सांगितली. देवाला वाहिलेल्यातलं थोडं चोरून मागं ठेवणारं एक जोडपं होतं. खोटं बोलले आणि दोघंही जागच्या जागी मरून पडले.

"ध्यानात ठेव," त्या म्हणाल्या. "देवाच्या मुठीला हात लावायचा नाय."

आवडाबाईचा चेहरा पांढराफटक पडला. त्या दिवसापासून ती माझ्यात मूठ टाकताना डोळे मिटायची. ती प्रार्थना होती की भीती, हे मला तेव्हा कळलं नाही.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. त्या दुष्काळाचं काय सांगू! विहिरींचे तळ उघडे पडले. रेशनवर लाल मिलो, म्हणजे अमेरिकेहून आलेली ज्वारी, मिळू लागला, तोही मोजका. सांडू कन्नडकडं तलावाच्या कामावर गेला. आवडाबाई दौलताबादच्या रस्त्यावर खडी फोडायला जाऊ लागली. घरात चतुराबाई आणि आवडाबाईची सहा वर्षांची लेक आशा. चतुराबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. दिसत काही नव्हतं, पण रोज सांजच्याला मला उचलून हातावर तोलायच्या आणि म्हणायच्या, "व्हय, मूठ पडतीया."

भिंतीला भिंत लागून जैतुनबीचं घर. तिचा नवरा निजामुद्दीन मालमोटारीवर होता आणि तीन आठवडे त्याचा पत्ता नव्हता. जैतुनबी नुकतीच बाळंत झाली होती. एके दुपारी आवडाबाई कामावरून आली तर ती दाराशी भिंत धरून उभी. ओठ कोरडे, कडेवरचं पोर रडायचंही थांबलेलं.

"दो दिन से चूल्हा नै जला, आवडाबाई," ती म्हणाली. "दूध ही नै उतरता."

आवडाबाईनं घरात येऊन पिठाचा डबा खरवडला. एका भाकरीपुरतंही निघालं नाही. मग तिची नजर माझ्यावर पडली.

चतुराबाई बाहेर लिंबाखाली बसल्या होत्या. आवडाबाईनं मला गोधडीत गुंडाळलं, म्हणजे आवाज होऊ नये, आणि उलटं केलं. मी जीव खाऊन गप्प राहायचा प्रयत्न केला. तरी दाणे वाजलेच.

"कोण हाय गं?" बाहेरून हाक आली.

"मीच, आत्याबाई. उंदीर हाय वाटतं."

खोटं बोलली बिचारी! बोलल्यावर ती भिंतीला टेकून तशीच उभी राहिली. आता आपण पडतो, आता पडतो, असं तिला वाटत होतं. पडली नाही. पदराखाली ज्वारी-मिलो घेऊन जैतुनबीकडं गेली. परत आल्यावर तिच्या लक्षात आलं की सांजच्याला सासू मला तोलणार. मग तिनं काय करावं? रस्त्यावर जाऊन ओच्यातून आणलेली बारीक खडी माझ्या भोकातून एकेक करून आत सोडली.

मित्रांनो, पोटात खडी घेऊन बसणं काय असतं ते तुम्हाला कसं सांगू! पाच दिवसांत असं चार वेळा झालं. चारही वेळा जैतुनबीसाठी. पाचव्या खेपेला मात्र आशा भुकेनं पोट धरून कोपऱ्यात पडली होती. आवडाबाईनं मूठभर दाणे काढले, भरडून त्याची कण्या-पेज केली आणि पोरीला पाजली. ही मूठ तिनं स्वतःच्या घरासाठी घेतली होती. तिला खरी भीती त्या मुठीची होती.

शुक्रवारी आशाला ताप भरला. अंग नुसतं तव्यागत. आवडाबाई माझ्यासमोर येऊन बसली, दोन्ही हात जोडले आणि कापऱ्या आवाजात म्हणाली, "देवा, हात मी लावला. पोरीला कशाला धरतोस? मला ने." दोन दिवसांवर महिन्याचा पहिला रविवार होता. पांढरी चादर, सगळी मंडळी, आणि माझ्या पोटात खडी!

रविवारी जैतुनबी आशाच्या उशाशी बसली आणि आम्ही निघालो. चतुराबाईंनी मला काखेत घेतलं. खुशीत होत्या. वाटेत भेटेल तिला सांगत होत्या, "दुष्काळात बी आमचा डबा लई जड झाला बघा." आवडाबाई मागून पाय ओढत येत होती. दोनदा ती थांबली. पोरीचं निमित्त करून परत फिरावं, असं तिच्या मनात आलं असणार. माझ्या तर नक्कीच आलं होतं.

पाळक काकासाहेबांनी एकेकीला पुढं बोलावलं. डबे पालथे होत होते. कुणाचे चार दाणे, कुणाची ओंजळभर. चादरीच्या कडेला मनकर्णाबाई बसल्या होत्या. चतुराबाई उठल्या, हातानं चाचपत चादरीपाशी गेल्या आणि मला उलटं करायला लागल्या.

"थांबा, आत्याबाई," आवडाबाई पुढं आली. "त्यात खडी हाय."

"काय बोलतीस?"

"मी धान्य काढलं. चार बार जैतुनबीला दिलं. एक बार आशाला घातलं. तुमास्नी कळू नये म्हणून खडी भरली."

तिनं मला सासूच्या हातातून घेतलं आणि पालथं केलं. मित्रांनो, त्या दिवशी मी जो वाजलो तो पुन्हा कधी वाजलो नाही! खडखडाट सगळ्या देवळात घुमला. पांढऱ्या चादरीवर काळी खडी आणि तिच्यात कुठं कुठं लाल दाणे. आवडाबाईनं डोळे घट्ट मिटले आणि मान खाली घातली. ती मरणाची वाट बघत होती, खरोखर बघत होती. मागच्या रांगेत एकीनं नाक मुरडलं. मी तिच्या हातात होतो. तिच्या बोटांतला जीव गेला की आपण खाली पडणार, असं मला वाटत होतं.

पण बोटं गरमच राहिली. तिनं एक डोळा उघडला. समोर मनकर्णाबाई गुडघ्यांवर सरकत आल्या होत्या आणि चादरीवरची खडी एकेक वेचून बाजूला ठेवत होत्या.

"पोरी," त्या म्हणाल्या, "ही मूठ कुणासाठी काढत्यात?"

"तुमच्यासाठी, मावशी."

"मंग माझ्यातलंच बाळंतिणीला दिलंस, लेकराला दिलंस. त्यात चुकलं काय? पण खडी कशाला भरलीस गं? नुसतं सांगितलं असतंस."

"भ्याले, मावशी."

काकासाहेब पुढं आले. तेही खाली बसले आणि खडी वेचू लागले. मग दोघी-तिघी आल्या. नाक मुरडणारी मात्र शेवटपर्यंत आली नाही. प्रार्थना झाल्यावर मनकर्णाबाईंनी आपल्या वाट्याचं धान्य पदरात घेतलं आणि त्यातलं अर्धं आवडाबाईच्या ओटीत घातलं. "जैतुनबीला दे," म्हणाल्या.

घरी आलो तर आशाचा ताप तसाच होता. आवडाबाईनं पोरीच्या कपाळावर हात ठेवला आणि पहिल्यांदाच देवाला रागानं, हक्कानं म्हणाली, "आता मी लपवलं नाय. आता तू मला मदत कर." तिच्या बोलण्यातली थरथर गेली होती. सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या आणि जैतुनबीनं कपाळावर ठेवलेली ओली फडकी, यांनी सातव्या दिवशी ताप उतरला.

चतुराबाई मात्र चार दिवस सुनेशी बोलल्या नाहीत. मला वाटलं, आता माझी रवानगी भंगारात. पाचव्या दिवशी सकाळी आवडाबाई दळण निवडत असताना त्यांनी हाक मारली.

"आवडे, लई भ्याली व्हतीस का?"

"व्हय."

"माझं भ्याव वाटलं, का देवाचं?"

आवडाबाई सासूशेजारी येऊन बसली. म्हातारीच्या पांढुरक्या डोळ्यांना पाणी आलं. "मी तुला त्याचा धाक सांगितला," त्या म्हणाल्या. "त्याची माया सांगायची राहूनच गेली बघ."

त्या दिवशी सासू-सुनेनं मिळून एक मूठ माझ्यात टाकली. आवडाबाईचे डोळे उघडे होते. ती म्हणाली, "देवा, ही तुझी. लागली तर मागून घीन."

त्याला आता पन्नास वर्षं होऊन गेली. आवडाबाई गेली, चतुराबाई तर कधीच गेल्या. आशा आता आजी झाली आहे आणि मला गंज चढला आहे. घरात पिठाच्या पिशव्या आयत्या येतात, मूठ कुणी काढत नाही. मी त्याबद्दल कुरकुर करत नाही. कधी आठवण झालीच तर मला खाली काढा, पुसा, मूठभर धान्य टाका, मला फार बरं वाटेल. पण मित्रांनो, त्याहून एक मोठी गोष्ट करा. तुमच्या घरात कुणी चुकलं, तर त्याला खरं बोलायला जागा ठेवा. घाबरलेलं माणूस धान्याच्या जागी खडी भरतं. मी ती पोटात घेऊन बसलो होतो, म्हणून सांगतो.