पाचवं कडवं

माझी बायको तोरिके गेल्याचं मला कळलं तेव्हा माझ्या हातात पावडरचा डबा होता. डिसेंबरची आठ तारीख, दुपारची वेळ. शेजारच्या गावच्या बायका फाराला आल्या होत्या आणि माझ्या अंगणात चटया टाकून तिचंच गाणं म्हणत होत्या. आमच्या रोटुमा बेटावर नाताळच्या महिन्यात टोळ्या घरोघर गात-नाचत जातात तो फारा, आणि त्यात पहिलं गाणं तेच असतं. तिसरं कडवं सुरू झालं तसा मी पायऱ्या उतरलो आणि रिवाजाप्रमाणे एकेकीच्या डोक्यावर मूठ मूठ पावडर टाकायला लागलो.

"काका, जपून! डोळ्यांत जातंय!"

"टाकू दे गं, काकू सुव्याहून आल्या की पावडर मोजून देतील."

तेवढ्यात फाटकातून दवाखान्यातला मानुएली आत आला. मोटरसायकल त्याने बाहेरच टाकली होती. मला वाटलं, गाणं ऐकून आला. मी त्याच्याही डोक्यावर मूठभर ओतली आणि म्हणालो, "बायकांच्या टोळीत कधीपासून रे तू?" बायका खूप हसल्या. तो हसला नाही. त्याच्या भुवया, मिशी, गणवेशाचे खांदे, सगळं पांढरं झालं होतं.

"फेरेतीकाका, सुव्याहून फोन आला होता," तो म्हणाला. "काकू सकाळी गेल्या."

"कुठे?" मी विचारलं.

गाणं थांबलेलं होतंच, ते पावडर टाकल्यावर नेहमीच थांबतं. बायकांनी हळूहळू चटया गुंडाळल्या. मानुएली तसाच पांढऱ्या डोक्याने परत गेला. वाटेत लोक त्याला हसले, "कुठल्या घरी नाचून आलास?" म्हणाले, आणि त्याला प्रत्येकाला थांबून सांगावं लागलं. हे त्याने मला नंतर सांगितलं.

हृदयाच्या झडपेचं दुखणं होतं. ऑक्टोबरात विमानाने सुव्याच्या मोठ्या इस्पितळात गेली होती. बोटीने परत आली ती तेरा दिवसांनी. नाताळच्या दोन दिवस आधी आम्ही तिला पुरलं. त्या वर्षी आमच्या गावात कोणी गायलं नाही.

जाताना तिने एक चटई गुंडाळून माझ्या पलंगाखाली ठेवली होती. पांढरी, बारीक विणीची, आम्ही तिला आपेई म्हणतो. केवड्याच्या जातीच्या पानांच्या दोऱ्यासारख्या पट्ट्या काढून ती विणतात आणि ती लग्नाला आणि मरणाला लागते. ही तिने स्वतःच्या दगडासाठी विणायला घेतली होती. पुरल्यावर वर्षभराच्या आत आम्ही दगड उभा करतो, तेव्हा त्याच्यावर घालायला.

"असलं काही कशाला आत्तापासून?" मी म्हटलं होतं.

"कारण तुझी बहीण दुकानातली आणून टाकेल," ती म्हणाली. "आणि तू बघत उभा राहशील, म्हाताऱ्या."

शेवटची कड तेवढी राहिली होती. अडीच हात. "आल्यावर दोन दुपारी लागतील," असं म्हणून ती गेली.

आता त्या गाण्याचं सांगतो. रेडिओवाला दर नाताळात सांगतो की एका मुलाने आपल्या आवडत्या मुलीचं घर शोधताना ते रचलं. तसं काही नाही. ते विणकामाचं गाणं आहे आणि ते माझ्या घरात तयार झालं.

माझ्या आईची वीण सगळ्या बेटात वेगळी होती. तिला ती तिच्या आजीकडून आली होती. आमचं लग्न झालं तोवर आईची नजर गेली होती. ती भिंतीला टेकून बसायची, बोटांनी चाचपायची आणि तोंडाने सांगायची. तोरिकेला काही लक्षात राहायचं नाही. दिवसभर विणायची आणि संध्याकाळी आई बोट फिरवून म्हणायची, "उसव." एकदा सलग चार दिवस उसवलं. बायका तिला विचारायच्या, "काय गं, विणतेस का सोलतेस?"

पाचव्या दिवशी तिने आईचं सांगणं गाण्यात घातलं.

"दोन घरं झोपली आहेत, त्यांच्यावरून जा. तिसऱ्या घरी दिवा आहे, तिथे वाकून आत शिर."

घर म्हणजे पट्टी. दोन पट्ट्यांवरून जायचं, तिसरीच्या खालून. दुसरं कडवं मधल्या भागाचं. तिसऱ्यात "थोरलीला हाक मारू नको, धाकटीला घेऊन माघारी फिर" असं आहे. ते बाजूला पोचल्यावर पट्टी कशी वळवायची त्याचं. लोक त्याच्यावर डोळे मिचकावतात. चौथं कडवं पट्टी संपली की नवी कशी जोडायची त्याचं. पाचवं शेवटच्या कडेचं. आईने नियमच घालून दिला होता. काम कुठेही थांबलेलं असो, उठायच्या आधी पाचही कडवी म्हणायची, म्हणजे विसर पडणार नाही. आई गेल्यावरही तोरिकेने तो पाळला.

ते फारात नेलं माझ्या बहिणीने, सारोतेने. तिने आईजवळ बसून विणायला शिकायचं होतं. ती खिडकीतून पळायची.

दफन झाल्यावर महिन्याभराने मी चटई घेऊन तिच्याकडे गेलो. ती ओसरीवर मासे साफ करत होती.

"मला काय विचारतोस, दादा? मला तीनच येतात."

"नेलं तर तूच होतंस."

"तीन नेली. तिसऱ्याला लोक पावडर घेऊन धावत यायचे. मग हसणं, ओरडणं, पाहुण्यांना कलिंगड. चौथं गायची वेळच यायची नाही. सुव्यात कॅसेट काढली तेव्हाही आम्ही तीनच गायलो आणि तिसरं परत परत घोळवलं." तिने हात धुतले आणि चटईची मोकळी बाजू उलगडून पाहिली. मग म्हणाली, "चौथं थोडं आठवतं. वहिनी म्हणायची ते. 'घरातला म्हातारा थकला तर पाहुणा त्याच्या शेजारी बसव, तीन घरं दोघांना जोडीने चालू दे.' पाचवं नाही. तू रोज ऐकत होतास की. चाळीस वर्षं."

हेच मला कोणी विचारू नये असं वाटत होतं.

मी रोज ऐकत नव्हतो. दुपारी मी ओसरीवर काथ्या वळत बसायचो आणि ती आत विणायची. पाचवं कडवं "आता सगळे घरी" असं सुरू व्हायचं. म्हणजे ती आता उठणार, तिला चहा लागणार. ते तीन शब्द कानावर पडले की मी उठून मागच्या चुलीकडे जायचो. लिंबाची पानं तोडायची, पाणी ठेवायचं. परत यायचो तेव्हा ती पाय पसरून बसलेली असायची. "आला वेळेवर," म्हणायची. चाळीस वर्षं मी वेळेवर उठलो. त्या तीन शब्दांच्या पुढचं मला काहीही माहीत नाही.

मुलीला, लावेनियाला, ब्रिस्बेनला फोन केला.

"बाबा, चाल आठवते," ती म्हणाली आणि फोनवर गुणगुणली. चाल मलाही येत होती. "शब्द नाही आठवत. आई शिकवते म्हणायची, मी कानात गाणी घालून बसायचे." मग ती रडायला लागली आणि मी उगाच फोन केला असं मला झालं.

बेटावरच्या जुन्या विणणाऱ्या बायकांना विचारलं. त्यांनी चटई हातात घेतली, उलटी केली, माना हलवल्या. एक म्हणाली, "आमच्या पद्धतीने कड घालून देते. कड ती कड." तिने वीतभर घातलीही. दुसऱ्या दिवशी त्या जागी चटई गोळा झाली, भाजलेल्या पानासारखी. तिनेच ती उसवली आणि म्हणाली, "फेरेती, ही वीण आमची कड घेत नाही."

तोरिकेच्या हातची पुरी झालेली चटई समोर असती तर तिच्यावरून काही कळलं असतं. लावेनियाच्या लग्नातली तिच्या सासऱ्याबरोबर पुरली. आईची आईबरोबर पुरली. एकच उरली होती, सारोतेच्या लग्नातली. पण त्या कडेत पट्ट्या आतल्या आत वळवलेल्या असतात. वरून काही दिसत नाही. उघडावी लागते.

ती मागायला तोंड उघडायला मला दोन महिने लागले. सारोतेने पेटीतून चटई काढून माझ्यापुढे टाकली.

"तूच उघड. मी बघणार नाही."

"तू बघ, मला काय कळतंय त्यातलं?"

"मग दोघं आंधळेच आहोत," ती म्हणाली. "आई असती तर बोटाने सांगितलं असतं."

तिनेच सुईने उघडली. पस्तीस वर्षांच्या पट्ट्या. पहिली निघाली आणि मोडली. दुसरी मोडली. आम्ही पाणी शिंपडलं, ओलं फडकं घालून रात्रभर ठेवलं. सकाळी त्या वळणावरच तुटल्या, जिथे वळण बघायचं होतं नेमक्या तिथेच. वीतभर उघडल्यावर सारोतेने सुई खाली ठेवली. हातात नुसता भुगा होता. मी तिला म्हटलं, "तुझीही गेली." ती म्हणाली, "गेली तर गेली. माझ्यावर घालायची होती, तेव्हा मी थोडीच बघणार आहे." पण तिने ती घडी करून पेटीत ठेवली नाही. अजून खुर्चीवर पडलेली असते.

दगड जूनमध्ये बोटीने आला. ऑगस्टमध्ये उभा करायचं ठरलं, मी पुढे ढकललं. नोव्हेंबरात परत ढकललं. नातेवाईक बोलायला लागले. एकजण तोंडावर म्हणाला, "म्हातारा वहिनीला उघड्यावर ठेवून चटई घेऊन बसलाय." खोटं नव्हतं ते.

डिसेंबर आला. वर्ष झालं होतं, तरी टोळ्या माझ्या घरावरून गप्प जायच्या. मीच सारोतेकडे निरोप पाठवला, की बायकांना घेऊन ये, माझ्याकडे गा.

माझ्या मनात काय होतं ते मी तिला सांगितलं नाही. मला वाटत होतं, आजवर कोणी ते गाणं पुढे जाऊच दिलं नाही. सगळ्या घरांनी तिसऱ्याला डबा उघडला, मीही. एखादीला, कुठल्यातरी म्हातारीला, आजीकडून, मावशीकडून उरलेलं येत असेल. तिला कोणी गायला वेळच दिला नसेल. वेळ दिला तर तोंडातून आपोआप येईल.

दुपारी त्या आल्या. वीस-बावीस बायका, पुढे सारोते. चटया टाकल्या, गायला लागल्या. मी पायरीवर बसलो, डबा मांडीवर, झाकण बंद. पहिलं कडवं झालं. दुसरं झालं. तिसऱ्याला नाचणाऱ्या उठल्या, माझ्याकडे बघायला लागल्या. मी बसून राहिलो.

त्यांनी तिसरं परत घेतलं. मी बसून राहिलो. परत घेतलं.

"काका झोपले काय गं?"

"अहो काका, टाका की! पाय गेले आमचे!"

"पावडर संपली असेल तर पीठ टाका!"

हसत हसत त्यांनी तेच कडवं पाचव्यांदा घेतलं. सहाव्यांदा घेताना हसणं कमी झालं. एकीने टाळ्या थांबवल्या, मग दुसरीने. मी म्हाताऱ्या बायकांच्या तोंडांकडे बघत होतो, एकेकीच्या. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.

तेव्हा मीच म्हटलं. माझा आवाज चांगला नाही. "आता सगळे घरी," मी गायलो आणि थांबलो. त्या पुढच्या शब्दाची वाट बघत राहिल्या. कोणीतरी चाल धरून हुं हुं केलं. मी उठलो होतो. माझे पाय घराला वळसा घालून मागच्या चुलीकडे निघाले होते. चार पावलं गेल्यावर माझ्या लक्षात आलं.

सारोते जवळ आली. माझ्या हातातला डबा घेऊन तिने झाकण काढलं आणि परत माझ्या हातात दिला.

"दादा," ती हळू म्हणाली, "नाहीये. आमच्यापैकी कोणाकडेच नाहीये. टाक पावडर, उन्हात उभ्या आहेत त्या."

मी सगळ्यांच्या डोक्यांवर पावडर टाकली. कलिंगडं कापली. त्या पुढच्या घरी गेल्या आणि तिथे पहिल्यापासून तेच गाणं सुरू झालं. तिसऱ्या कडव्याला तिथून ओरडणं ऐकू आलं.

चटई पलंगाखाली आहे. मोकळ्या पट्ट्या आता सुकत चालल्या आहेत, मी दर रविवारी त्यांच्यावर ओलं फडकं ठेवतो. दगड अजून शेडमध्ये गोणपाटात गुंडाळलेला आहे. अडीच हात कड राहिली आहे.